घरातील संगणकजोडणी: तार बरी की वायफाय? जळगावच्या एका जुन्या-नव्या घरातील पारख

दुकानात जाऊन ‘मागच्या खोलीत नेट येत नाही’ असे सांगितले, की बहुतेक ठिकाणी समोर एक खोका ठेवला जातो आणि त्यावरील अँटेना मोजून दाखवल्या जातात. दोन अँटेनांचा राउटर असेल तर चारचा घ्या, चारचा असेल तर सहाचा घ्या, असा हा सल्ला असतो. घराच्या भिंती कशाच्या आहेत, संगणक जागचा हलतो की नाही, त्यावर काम कोणते चालते, हे विचारणारा दुकानदार विरळाच भेटतो. आमच्या घरात गेल्या काही वर्षांत चार प्रकारच्या जोडण्या वापरून झाल्या आहेत: नेट कंपनीने बसवलेल्या फायबरच्या यंत्राचे स्वतःचे वायफाय, भिंतीवरील प्लगमध्ये खोचायचा रिपीटर, दोन नगांचा मेश संच (एकमेकांशी बोलून सगळ्या घरात एकच वायफाय पसरवणारी यंत्रे) आणि शेवटी कॅट ६ केबल (पिळदार तारांच्या चार जोड्यांची नेटवर्कची तार) व गिगाबिट स्विच (एका तारेवरून आलेले नेटवर्क अनेक तारांत वाटणारा खोका). या चारही पर्यायांचा हा आढावा आहे. माझे मत आधीच सांगतो. आमच्या भागातील घरांत केबलवर खर्च केलेला रुपया राउटरवर खर्च केलेल्या रुपयापेक्षा अधिक काम देतो. मात्र केबल चांगली घेतली आणि नीट टाकली तरच.

घराची रचना सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. आमचे घर जुने जळगाव भागात आहे. रस्त्याकडील बैठक आणि तिच्यामागचे माजघर हा भाग जुना, धाब्याचा आहे; त्याच्या भिंती कच्च्या विटांच्या व मातीच्या असून दीड हाताहून जाड आहेत. त्यामागे नंतर बांधलेले आर.सी.सी.चे दुमजली घर आहे. विजेचा खांब रस्त्यावर असल्यामुळे फायबरची तार बैठकीतच आली आणि कंपनीच्या माणसाने तिचे यंत्र, ज्याला ओएनटी म्हणतात, दाराच्या वर ठोकून दिले. काम मात्र घराच्या दुसऱ्या टोकाला, मागच्या बाजूच्या वरच्या मजल्यावर चालते. तेथे माझे धाकटे बंधू व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितात. दोन संगणक आहेत. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एकावर असतो आणि दुसऱ्यावरून मदतनीस नोंदी करतो. याखेरीज पुतणीचे ऑनलाइन वर्ग, खालच्या खोलीतील टीव्ही, दारावरचे कॅमेरे आणि घरातील प्रत्येकाचे फोन आहेत. खान्देशातील गावोगावी, पुढे जुने आणि मागे नवे अशी घरे पुष्कळ आहेत. म्हणून हा अनुभव केवळ आमच्यापुरता नसावा.

वायफाय दोन मुख्य पट्ट्यांत चालते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण तो अरुंद आहे. एकमेकांवर न चढणारे चॅनल त्यात तीनच मिळतात, १, ६ आणि ११. ज्या पेठेत घराला घर लागून आहे, तेथे फोनवर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नेटवर्कांची लांबलचक यादी दिसते आणि ती सारी नेटवर्के याच तीन चॅनलांत कोंबलेली असतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा रुंद आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्यातील मोठा भाग परवानामुक्त केल्यापासून भारतातील घरांनाही त्याचा पुरेसा उपयोग करता येतो. पण या पट्ट्यातील लहरी भिंतीपुढे लवकर हार मानतात. आमच्या बैठकीत, यंत्रासमोर बसून, ५ गिगाहर्ट्झवर घेतलेल्या योजनेचा पूर्ण वेग मिळतो. माजघराची भिंत ओलांडली की तो निम्म्यावर येतो आणि मागच्या घराचा जिना चढेपर्यंत फोन आपणहून २.४ वर उतरलेला असतो. जाड मातीची भिंत, त्यानंतर विटांची भिंत, मग लोखंडी सळ्यांचा स्लॅब आणि वाटेत कोठेतरी उभे असलेले लोखंडी कपाट, असा हा प्रवास आहे.

वायफायचा दुसरा स्वभाव याहून महत्त्वाचा असून त्याबद्दल खोक्यावर काही छापलेले नसते. एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. बाकीच्यांनी थांबायचे असते. सार्वजनिक नळावर हंड्यांची रांग लागावी तसा हा प्रकार आहे. एखाद्याचे भांडे अरुंद तोंडाचे असले, की मागची सगळी रांग खोळंबते. घरातील जुना, हळू बोलणारा फोन किंवा दूरच्या खोलीतील क्षीण संकेताचा टीव्ही नेमके हेच करतो. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या ८०२.११एएक्स, म्हणजे वायफाय ६, या पिढीत एकाच वेळी अनेक यंत्रांना थोडी थोडी जागा वाटून देण्याची सोय आली आहे, तिचा फायदा होतो. पण त्यासाठी फोन आणि लॅपटॉपही त्याच पिढीचे असावे लागतात. केबलमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. स्विचपासून प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार जाते आणि त्या तारेतून येणे व जाणे दोन्ही एकाच वेळी चालते.

खोक्यावरील आकड्यांविषयीही थोडे लिहिणे आवश्यक आहे. ‘एसी१२००’ असे लिहिलेल्या राउटरचा १२०० हा आकडा दोन पट्ट्यांची बेरीज थोडी वर ओढून केलेला असतो: २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७ एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट). कोणताही एक फोन एका वेळी यांपैकी एकाच पट्ट्यावर असतो. शिवाय ८६७ हा हवेतील कमाल दर आहे. त्यातून रांग सांभाळण्याचा आणि पोच देण्याचा खर्च वजा जाता, समोर बसलेल्या लॅपटॉपलाही प्रत्यक्षात साधारण निम्मे किंवा थोडे अधिक हाती लागते. केबलचा हिशेब सरळ आहे. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या, जोडणीवर फाइल उतरवताना ९४० एमबीपीएसच्या आसपास वेग मिळतो आणि तो दुपारी जितका असतो तितकाच रात्री शेजारी सगळे मालिका पाहत असतानाही असतो. अँटेना वाढवल्याने राउटरचा आवाज फोनपर्यंत पोहोचेलही, पण फोनला उलट उत्तर द्यायचे असते आणि फोनची शक्ती वाढलेली नसते. पडद्यावर वायफायच्या दांड्या पूर्ण दिसाव्यात आणि पान मात्र उघडू नये, असा अनुभव अनेकांना येतो, त्याचे एक कारण हेच आहे.

उन्हाळ्याचा मुद्दा पुण्या-मुंबईच्या समीक्षांत सापडणार नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात कामाचे तापमान बहुधा ० ते ४० अंश सेल्सिअस असे दिलेले असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांच्या घरात असतो. पत्र्याखाली, माळ्यावर किंवा बंद कपाटात त्याहून अधिक. यंत्र तापले की ते बिघडतेच असे नाही, पण दुपारी मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होणे, वेग घटणे अशा तक्रारी याच दिवसांत वाढतात. त्यात कूलरची भर पडते. खिडकीला लावलेला लोखंडी पेटीचा कूलर, त्यातील पाणी आणि ओल्या वाळ्याचे किंवा गवताचे पडदे हे सारे लहरींच्या वाटेत उभे राहते. पत्रा त्यांना परतवतो आणि पाणी त्यांना शोषून घेते. आमच्या वरच्या खोलीत एप्रिल उजाडला की वायफाय मंदावते, हे आम्ही बरेच दिवस नेट कंपनीच्या माथी मारत होतो. कूलर खिडकीतून थोडा बाजूला सरकवून मोजणी केली तेव्हा खरे कारण उघड झाले. केबलला कूलरशी काही देणेघेणे नसते. स्विच गरम होतो, पण त्यात रेडिओ नसल्यामुळे त्याची वीज मुळातच कमी लागते आणि तो सावलीच्या, हवेशीर जागी हवा तेथे ठेवता येतो.

आता एकेक पर्याय पाहू. रिपीटर हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि मी त्याला सर्वांत कमी गुण देतो. आधीच क्षीण झालेला संकेत ऐकून तोच पुन्हा मोठ्याने सांगणे, एवढेच त्याचे काम असते. एकाच रेडिओवर ऐकणे आणि बोलणे दोन्ही करायचे असल्यामुळे वेग निम्म्यावर येतो. तो ठेवायचाही जिथे संकेत अजून चांगला आहे अशा मधल्या जागी. लोक मात्र जेथे नेट येत नाही तेथेच तो खोचतात. आमच्याकडे तो माजघरात होता. फोनवर बातम्या वाचायला, संदेश पाठवायला त्याने काम भागले. पुतणीच्या वर्गात मात्र शिक्षकांचा चेहरा मध्येच गोठायचा आणि आवाज मागाहून यायचा. ज्यांचे घर दोन-तीन खोल्यांचे आहे आणि केवळ एका कोपऱ्यातील फोनपुरती अडचण आहे, त्यांनीच तो घ्यावा.

मेश संच पुष्कळ अधिक चांगला आहे, हे मान्य केले पाहिजे. सगळ्या घरात एकच नाव, एकच पासवर्ड; चालत चालत एका खोलीतून दुसरीत गेले तरी फोनवरील बोलणे सहसा तुटत नाही; मांडणी फोनवरील ॲपमधून कोणालाही जमेल इतकी सोपी. पण स्वस्त मेश संच दोन पट्ट्यांचेच असतात आणि दोन नगांमधील बोलणेही त्याच हवेतून होते, ज्या हवेतून तुमचा फोन बोलतो. दोन नगांमध्ये आमची मातीची भिंत आणि वरचा स्लॅब आला, की दुसरा नगही अर्धपोटीच राहतो. याच संचातील दोन नग केबलने जोडले तेव्हा त्याचे रूप पालटले. हे थोडे विचित्र वाटेल, पण बिनतारी मेशचा उत्तम उपयोग तारेनेच होतो. त्यामुळे नगांच्या आपसातील बोलण्यासाठी वेगळा पट्टा असलेला महागडा तीन पट्ट्यांचा संच घेण्याआधी, साधा संच आणि मध्ये एक केबल, हा हिशेब करून पाहावा. विजेच्या तारांतूनच नेटवर्क नेणारे पॉवरलाइन अडॅप्टरही बाजारात आहेत. पण जुने वायरिंग, इन्व्हर्टरचे वेगळे सर्किट आणि पंप-कूलरचा गोंगाट असलेल्या घरांत मी त्यांची शिफारस करणार नाही.

केबलकडे वळताना पहिला अडथळा तंत्राचा नसून समजुतीचा असतो. आम्ही वायरमनला बोलावले तेव्हा त्याने बंडलाकडे पाहून म्हटले, “भाऊ, आते वायर कोन टाकस? समदं वायफायवर चालस.” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, चालते सगळेच. प्रश्न कसे चालते याचा होता.

ईथरनेटची, म्हणजे संगणक केबलने जोडण्याच्या या पद्धतीची, कल्पना १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत पुढे आली आणि १९८३ मध्ये ती प्रमाणित झाली. तांब्याच्या पिळदार तारांवरून गिगाबिट वेग नेण्याचे प्रमाण १९९९ चे आहे. म्हणजे हे तंत्र जुने, मुरलेले आहे आणि वीस वर्षांपूर्वी भिंतीत घातलेली चांगली केबल आजही तोच वेग देते. वायफायचे तसे नाही. २००९ मध्ये एन, २०१३ मध्ये एसी, २०२१ मध्ये एएक्स अशा पिढ्या बदलत गेल्या आणि दर वेळी खोका बदलावा लागला. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते. कॅट ६ देखील तेवढेच देते आणि सुमारे ५५ मीटरपर्यंत त्याच्या दहापट वेग पेलू शकते. घरासाठी दोन्ही चालतील. पण भावात फारसे अंतर नसल्यामुळे आणि भिंत पुन्हा फोडायची नसल्यामुळे कॅट ६ घ्यावी. कॅट ७, कॅट ८ अशी नावे सांगून चपट्या, दिखाऊ केबल ऑनलाइन विकल्या जातात; त्यांची घराला गरज नाही.

केबलमध्ये खरी फसगत होते ती धातूत. बाजारात दोन प्रकारची केबल मिळते: शुद्ध तांब्याची आणि ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. दुसरीला सीसीए म्हणतात. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, वेष्टनावर कॅट ६ असेच छापलेले असते, पण सीसीए केबल या प्रमाणांत मुळात बसतच नाही. तिचा विद्युत्-रोध जास्त असतो, ती वाकवली की लवकर तुटते आणि कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज पुरवायची असेल तर दाब कमी पडतो व तार तापते. ओळखण्याची सोपी रीत आहे. केबलच्या टोकातील एक तार सोलून घ्यावी आणि तिला ब्लेडने खरवडावे. आत रुपेरी दिसले तर ती ॲल्युमिनियमची, आतपर्यंत तांबूस राहिली तर तांब्याची. हातात बंडल उचलले तरी फरक जाणवतो, कारण ॲल्युमिनियमचे बंडल फारच हलके लागते. मी ज्या दुकानात प्रथम गेलो तेथे मागितली तांब्याची आणि समोर आली सीसीए. खरवडून दाखवल्यावर दुकानदाराने “सगळे हेच नेतात” एवढेच उत्तर दिले. शेवटी गोलाणी मार्केटमध्ये हवी तशी केबल मिळाली. ३०५ मीटरचे पूर्ण खोके घ्यायची गरज नसते. सुटी, मीटरवर मोजून देतात.

टाकण्याच्या कामात काही पथ्ये आहेत आणि बहुतेक वायरमनना ती ठाऊक नसतात, कारण त्यांचे सगळे आयुष्य विजेच्या तारा ओढण्यात गेलेले असते. विजेच्या पाइपात नेटवर्कची केबल घालू नये. सुरक्षिततेसाठीही नाही आणि संकेतासाठीही नाही. वेगळी केसिंग पट्टी ठोकावी आणि विजेची तार ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी. कोपऱ्यावर केबल कचकन मोडू नये, गोलाई ठेवावी. ओढताना विजेच्या तारेसारखा हिसका मारू नये, कारण आतील चार जोड्यांचा पीळ हाच या केबलचा जीव असतो. टोकाला आरजे४५ (केबलचा प्लास्टिकचा प्लग) बसवतानाही हा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा हवा. आपल्याकडे रूढ असलेला टी५६८बी क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आमच्या वायरमनने पहिल्या टोकाला हिरव्याची जोडी शेजारी-शेजारी बसवली होती, कारण दिसायला तेच नीटनेटके वाटते. पण तिसऱ्या आणि सहाव्या जागेवरची तार एकाच जोडीतील असावी लागते. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, तरी अशी केबल वेगाच्या वेळी दगा देते. क्रिम्पिंगची, म्हणजे प्लग दाबून बसवण्याची, सवय नसेल तर भिंतीवर तयार सॉकेट बसवून घ्यावे आणि तेथून पुढे कारखान्यातून आलेली लहान पॅच कॉर्ड वापरावी.

मातीची भिंत भेदण्याचे काम मात्र अपेक्षेपेक्षा सोपे निघाले. ड्रिलची पाती पुरली नाही, म्हणून लांब सळईने, हळूहळू, किंचित उतार ठेवून भोक पाडले आणि त्यात पीव्हीसीची नळी बसवून दोन्ही बाजू गिलाव्याने बंद केल्या. नळी अशासाठी, की उद्या दुसरी केबल घालायची झाली तर भिंतीला पुन्हा हात लावावा लागू नये. मागच्या घरात जिन्याच्या कडेने केसिंग पट्टी वर गेली. उघड्यावरचा तुकडा असेल तर साधी राखाडी केबल वापरू नये. आपल्या उन्हात तिचे आवरण काही उन्हाळ्यांत तडकते. बाहेरच्या वापरासाठीची काळ्या आवरणाची केबल वेगळी मिळते.

यानंतरही एक सापळा उरतो. केबल टाकूनही वेग ९४-९५ एमबीपीएसच्या वर जात नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते आणि मग ‘यापेक्षा वायफाय बरे’ असा निष्कर्ष काढला जातो. हा आकडाच सांगतो, की जोडणी गिगाबिटवर नसून १०० वर झाली आहे. कारणे साधारण तीन असतात. स्विच स्वस्तातला, १०/१०० लिहिलेला असतो. किंवा ओएनटीच्या चार पोर्टांपैकी (केबल खोचायच्या खाचांपैकी) एकच गिगाबिट असतो आणि केबल भलत्यातच खोचलेली असते. किंवा केबलमधील आठपैकी एखादी तार नीट बसलेली नसते. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणून बाकीच्या दोन जोड्यांतील एखादी तार निखळली तरी जोडणी सहसा बंद पडत नाही, गुपचूप खालच्या वेगावर चालू राहते. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहिला, की १००० आहे की १०० हे लगेच कळते. टीव्हीच्या बाबतीत मात्र याची काळजी करू नये. पुष्कळ टीव्हींना १०० एमबीपीएसचाच पोर्ट असतो आणि ४के चित्रपटालाही २५ एमबीपीएस पुरतात.

केबलचा खरा लाभ दिसला तो इंटरनेटच्या वेगात नव्हे, टॅलीत. एकाहून अधिक संगणकांनी एकच डेटा वापरायचा असेल, तर ज्या संगणकावर ते फोल्डर आहे ते दुसऱ्यावरून नेटवर्कमार्फत उघडले जाते. या व्यवहाराचा इंटरनेटशी संबंध नसतो, नेट बंद असले तरी तो चालतो. पण अनेक जण यासाठीही नेट कंपनीलाच दोष देतात. वायफायवर हा डेटा हाताळताना एका संगणकावरून दुसऱ्याला पिंग केले, म्हणजे लहानसा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येते ते पाहिले, तर उत्तर कधी तीन-चार मिलिसेकंदांत यायचे, कधी शंभराच्या वर जायचे आणि कधी यायचेच नाही. चित्रपट पाहताना अशी खंडने कळत नाहीत, कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. हिशेबाच्या नोंदीला तशी उशी नसते. नोंद साठवली जात असताना जोडणी तुटली की चूक दाखवली जाते आणि डेटा दुरुस्त करण्याची पाळी येते. केबलवर तेच पिंग सतत एक मिलिसेकंदाच्या आत येते. जीएसटीच्या विवरणपत्रांच्या तारखा जवळ आल्या, की आमच्या वरच्या खोलीतून जी चिडचिड ऐकू यायची, ती या बदलानंतर थांबली आहे. घरातून हिशेबाचे, छपाईचे किंवा मोठ्या फाइलींचे काम करणाऱ्यांना हे एकच कारण पुरेसे आहे.

केबल वर पोहोचल्यावर जुना राउटरही पुन्हा उपयोगी पडला. त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर (म्हणजे केवळ वायफाय पुरवण्याच्या कामावर) टाकून स्विचला जोडले आणि वरच्या मजल्यावरील फोन-लॅपटॉपसाठी तेथल्या तेथे वायफाय तयार झाले. ज्या राउटरमध्ये हा मोड नसतो, त्याचा डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करून केबल त्याच्या इंटरनेटसाठीच्या वॅन पोर्टात न लावता घरातील संगणकांसाठीच्या लॅन पोर्टात लावली तरी तेच काम होते. मात्र त्याचा पत्ता मुख्य यंत्राच्या पत्त्याहून वेगळा ठेवावा लागतो. नाव आणि पासवर्ड खालच्यासारखेच ठेवावेत, चॅनल मात्र वेगळा द्यावा. मेशइतकी सफाई यात नाही. जिन्यावर फोन कधी कधी खालचाच संकेत धरून बसतो. पण यासाठी नवा पैसा लागत नाही.

केबलचे दोषही कमी नाहीत. उंदीर हा पहिला. धाब्याच्या घरात त्यांना वाटा ठाऊक असतात आणि उघडी केबल ते कुरतडतात. म्हणून केसिंग किंवा पाइप हवाच. दुसरा दोष विजेचा. केवळ ओएनटी होता तेव्हा एक १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरायचा. आता स्विच आणि वरचा राउटर यांनाही वीज गेल्यावर आधार द्यावा लागतो, आणि स्विचचा अडॅप्टर पाच व्होल्टचा, राउटरचा बाराचा, अशी तऱ्हा असते. तिसरा दोष गंभीर आहे. गच्चीवरून किंवा अंगणातून दुसऱ्या इमारतीत तांब्याची केबल नेली, तर वळवाच्या पावसातील विजा दोन्ही टोकांची यंत्रे जाळू शकतात. दोन इमारतींमध्ये तांबे न वापरता फायबर वापरावे. चौथी गोष्ट साधी आहे: नव्या पातळ लॅपटॉपना लॅनचा पोर्ट नसतो, वेगळा यूएसबी अडॅप्टर घ्यावा लागतो, आणि तो यूएसबी ३ चा असेल तरच गिगाबिट वेग मिळतो.

जेथे वायफायच योग्य, अशाही जागा आहेत. रावेर-यावलकडील आमच्या नातेवाइकांना केळीच्या मळ्यातील घरात कॅमेरे हवे होते. गावातील घरापासून अंतर किलोमीटरच्या आसपास. केबलची मर्यादा १०० मीटरची, आणि दुसऱ्यांच्या शेतांतून फायबर पुरणे अशक्य. तेथे दोन्ही टोकांना एकमेकांकडे रोखलेल्या ५ गिगाहर्ट्झच्या दिशादर्शी अँटेना उत्तम चालतात. अट एकच, मध्ये काही येता कामा नये. केळीची बाग वाढली की तिची पाणीदार पाने लहरी अडवतात, म्हणून खांब पिकाच्या बराच वर न्यावा लागतो. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नसेल, तेथेही मेश हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

सुरक्षिततेविषयी थोडक्यात. वायफायला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ हे कुलूप असावे, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करावे, यंत्राच्या मागे चिकटवलेला पासवर्ड बदलावा. केबलला चोरून जोडण्यासाठी घरात यावे लागते.

खर्चाचा अंदाज असा. चांगली तांब्याची कॅट ६ सुटी घेतल्यास मीटरला साधारण वीस ते पस्तीस रुपये, पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच हजार ते दीड हजार, सॉकेट, पट्टी आणि मजुरी धरून आमच्यासारख्या घराचे काम मध्यम प्रतीच्या मेश संचाच्या किमतीपेक्षा कमीत उरकते. नवे घर बांधत असाल, तर हा प्रश्न गिलाव्याच्या आधीच सोडवावा: प्रत्येक मजल्यावर एक आणि टीव्ही व टेबलाच्या जागी एक, असे रिकामे पाइप विजेपासून वेगळे सोडून ठेवावेत, केबल नंतर केव्हाही ओढता येते. फायबरचे यंत्र कोठे बसवायचे हेही कंपनीच्या माणसावर सोडू नये. त्याला दाराजवळची जागा सोयीची असते. तो आणखी वीस-पंचवीस मीटर फायबर आत घालायला तयार होत असेल, तर यंत्र घराच्या मधोमध, सावलीच्या भिंतीवर घ्यावे. आमच्याकडे हे आता शक्य नाही, कारण पट्टी ठोकून झाली आहे.

खालच्या खोलीतील आईचा टीव्ही मात्र आम्ही मुद्दाम वायफायवरच ठेवला आहे. तेथपर्यंत केबल न्यायची तर देवघराच्या भिंतीला भोक पाडावे लागते, ते तिला मान्य नाही, आणि तिच्या कीर्तनाच्या कार्यक्रमांना २.४ गिगाहर्ट्झ पुरते.